गावाच्या उशाला पवनचक्की: भाडं घ्यायचं की हिस्सा?

वातकुक्कुट (धागाकर्ता)
पवनऊर्जेचा विषय निघाला की गाडी हवामानबदलावर जाते आणि तिथेच अडते. मला पैशांबद्दल बोलायचं आहे. २ मेगावॅटची एक पवनचक्की, ३० टक्के क्षमता वापर (वर्षभर पूर्ण ताकदीने चालली असती तर मिळाली असती त्याच्या ३० टक्के वीज) धरला, तर वर्षाला साधारण साडेबावन्न लाख युनिट देते. इंधनाचा खर्च नाही, औष्णिक केंद्रासारखं थंडाव्यासाठी पाणी लागत नाही, मनोऱ्याच्या भोवताली शेती चालू राहते. पण जमिनीचं भाडं एका-दोघांना मिळतं आणि आवाज व पात्यांची फिरती सावली सगळ्यांच्या वाट्याला येते. म्हणून गावाने मालकीत हिस्सा मागावा. डेन्मार्कच्या २००९ च्या कायद्याने नव्या पवनचक्कीचे किमान २० टक्के हिस्से साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना देऊ करणं बंधनकारक केलं होतं. कोपनहेगनजवळच्या मिडलग्रुंडेनमध्ये २० पैकी १० पवनचक्क्या सहकारी संस्थेने घेतल्या, तिचे हजारो सभासद आहेत.

उच्चदाब
साफ असहमत. हिस्सा घेतला की जोखीमही घेतली. मिडलग्रुंडेनच्या संस्थेकडे १० यंत्रं आहेत. एक बंद पडलं तरी नऊ फिरतात. गावाकडे एकच असतं.

आता गिअरबॉक्स बघा. पाती मिनिटाला १०-२० फेरे घेतात, जनित्राला साधारण १५०० लागतात, म्हणजे वेग शंभरेक पट वाढवायचा. वाऱ्याचे झटके बेअरिंगवर येतात, पृष्ठभागाला बारीक तडे जातात, पोलादाचे कण तेलात उतरतात आणि मग तेच कण गिअरचे दातेही खातात. बदलायला मोठी क्रेन लागते, आणि वारा सेकंदाला १० मीटरच्या आसपास गेला की उचल थांबवावी लागते. म्हणजे बिघाड वाऱ्याच्या हंगामात झाला तर कमाईच्याच दिवसांत यंत्र उभं, आणि कर्जाचा हप्ता चालूच. करार नीट केला असेल तर भाडं मात्र यंत्र बंद असतानाही येतं.

मोजपट्टी
दोघांनीही पहिली पायरी सोडली. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ६ मीटरऐवजी ७ मीटर वारा असेल तर शक्ती सुमारे ५९ टक्क्यांनी जास्त. त्यामुळे वेगाच्या अंदाजातली छोटी चूक हिशेबात प्रचंड होते. १० मीटर उंचीवरच्या हवामान केंद्राचे आकडे घेऊन ८० मीटर उंचीवरच्या वाऱ्याचा अंदाज बांधणं ही नेहमीची चूक. मोजणीचा मनोरा हबच्या (पाती जिथे जोडलेली असतात त्या मध्यभागाच्या) उंचीच्या किमान दोन-तृतीयांश हवा, वेगमापक दोन-तीन उंचींवर, आणि नोंद सलग १२ महिने, म्हणजे सगळे ऋतू येतात. ही नोंद हातात नसेल तर हिस्सा घेऊच नये. भाडं वीजनिर्मितीच्या टक्क्यावर ठरणार असेल तर भाडेकरारही करू नये.

वातकुक्कुट
@मोजपट्टी, शंभर टक्के मान्य.
@उच्चदाब, गिअरबॉक्स अचानक जात नाही. दर सहा महिन्यांनी तेलाचा नमुना तपासला आणि कंपनमापक बसवला तर बहुतेक वेळा बिघाडाची चाहूल आधी लागते. मग दुरुस्ती शांत वाऱ्याच्या महिन्यांत लावता येते. मोठ्या दुरुस्तीचा राखीव निधी पहिल्या वर्षापासून बाजूला काढायचा, नफावाटप त्यानंतर. संस्था अडचणीत येतात त्या सुरुवातीची दोन-तीन वर्षं सगळा नफा वाटून टाकल्यामुळे.

सावलीरेषा
आवाज-सावलीचा उल्लेख झाला म्हणून: फिरत्या पात्यांच्या सावलीची वेळ सूर्याच्या स्थितीवरून आधीच काढता येते. जर्मनीत एका घरावर वर्षाला ३० तास आणि दिवसाला ३० मिनिटं ही मर्यादा पाळतात. त्यापुढे नियंत्रक पवनचक्की थांबवतो. पात्याच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते लावले की आवाज थोडा उतरतो. दोन्ही गोष्टी परवानगीच्या कागदात लिहून घ्या. यंत्र उभं राहिल्यावर विनंत्या करून उपयोग नसतो.

उच्चदाब
राखीव निधीचं पटलं. पण लोकांचा आणखी एक गैरसमज आहे: दारात पवनचक्की म्हणजे वीज जाणार नाही. ग्रिड (वीजपुरवठ्याचं मुख्य जाळं) पडलं की ग्रिडला जोडलेली साधी पवनचक्कीही सुरक्षेसाठी स्वतःला तोडून घेते. तारांवर काम करणाऱ्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो. दारात पाती आणि घरात अंधार, असं होतं.

पूर्वाई
त्यावर उपाय आहे. स्कॉटलंडच्या आयग बेटाने २००८ पासून स्वतःचं जाळं चालवलंय: वारा, पाणी, ऊन आणि बॅटऱ्या. दर घराला एका वेळी ५ किलोवॅटची मर्यादा, व्यवसायाला १०. वीज उरली की सामाईक इमारती तापवायला वापरतात.

उच्चदाब
आयगमध्ये वाऱ्याचा वाटा प्रत्येकी ६ किलोवॅटच्या चार छोट्या चक्क्यांचा. मुख्य भार सुमारे १०० किलोवॅटच्या जलविद्युत संचावर आहे. जिथे ओढा नाही तिथे बॅटरी किती मोठी लागेल?

पूर्वाई
सगळ्या गावासाठी धरलीत तर परवडणार नाही. पाण्याचा पंप, दवाखान्याचा फ्रिज आणि दिवे एवढाच भार वेगळ्या तारेवर घ्या, त्याचे रात्रीचे युनिट मोजा, बॅटरी त्याच्या दुप्पट धरा. ग्रिड नसतानाही स्वतःचं जाळं उभं करू शकणारा इन्व्हर्टर मात्र पहिल्या निविदेतच मागा. नंतर बसवायचा तर विद्युत संरक्षणाची सगळी मांडणी पुन्हा करावी लागते.