सल्ला हवा: शत्रूचा म्होरक्या टिपून युद्ध जिंकता येतं का?

खानापूरचा वाचक: बेळगावात कॉलेजांची वादविवाद स्पर्धा आहे. ‘शत्रूचा नेता टिपणं ही परिणामकारक युद्धनीती आहे’ असा विषय, आमची बाजू विरोधाची, वेळ ७ मिनिटं. समोरचे अफझलखान काढणारच. त्याला उत्तर काय? आणखी कोणती उदाहरणं घ्यावीत?

शहापूरकर: अफझलखान तुम्हीच आधी काढा की. १० नोव्हेंबर १६५९ ला खान पडला, पण त्याच वेळी तोफेचा इशारा झाला आणि जावळीच्या रानात दबा धरून बसलेली फौज त्याच्या छावणीवर तुटून पडली. महिना संपायच्या आत पन्हाळा घेतला. फायदा झाला तो या तयारीमुळे. तरीही १६६० मध्ये विजापूरनं सिद्दी जौहरला पाठवून पन्हाळ्याला वेढा घातलाच. दरबार शाबूत असेल तर नवा सरदार मिळतो.

उलट बाजूला संभाजी महाराज. ११ मार्च १६८९ ला औरंगजेबानं त्यांना मारलं, त्याच वर्षी रायगडही घेतला. तरी राजाराम महाराज जिंजीला निसटले, संताजी-धनाजी आपापल्या फौजा घेऊन लढत राहिले, १७०० नंतर ताराबाईंनी सूत्रं घेतली. औरंगजेब १७०७ मध्ये दख्खनमध्येच वारला.

निपाणीकर: खानापूरचे आहात तर कित्तूर-नंदगड सोडू नका. एकाच लढ्यात तीन प्रकार सापडतात: नेता पडूनही फौज परत आली, नेता पकडूनही लढा चालू राहिला, आणि नेता गेल्यावर लढा ओसरला. २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरपुढं मारला गेला. कंपनी डिसेंबरात मोठी फौज घेऊन परत आली. राणी चन्नम्मांना पकडून बैलहोंगलला कैदेत ठेवलं, १८२९ मध्ये त्या तिथंच गेल्या. त्यानंतरही संगोळ्ळी रायण्णा दत्तक वारस शिवलिंगप्पाच्या नावानं लढला. त्याला १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिल्यावर मात्र उठावाचा जोर ओसरला, कारण लोक गोळा करणारा तसा दुसरा उरला नव्हता.

वडगावचा: निपाणीकरांचा शेवटचा मुद्दा तुमच्या बाजूला जड जाणार, म्हणून त्याची तयारी जास्त करा. समोरचे पेरू देशातल्या ‘शायनिंग पाथ’ या माओवादी बंडखोर संघटनेचा म्होरक्या गुझमान काढतील. १२ सप्टेंबर १९९२ ला राजधानी लिमात तो जिवंत सापडला आणि संघटना खिळखिळी झाली. सगळी संघटना त्या एका माणसाच्या शब्दावर चालायची, आणि १९९३ मध्ये तुरुंगातून त्यानंच समझोत्याची भाषा सुरू केली. मारला असता तर हे बोलायला कोण होतं? हे मान्य करून टाका आणि लगेच लेबनॉनची सशस्त्र संघटना हिजबुल्ला घ्या. फेब्रुवारी १९९२ मध्ये इस्रायलनं तिचा प्रमुख मुसावीला मारलं. जागी आलेल्या नसरल्लानं सप्टेंबर २०२४ पर्यंत संघटना चालवली, तीही आधीपेक्षा कितीतरी बलाढ्य करून.

श्रीलंकेतल्या तमिळ वाघांचा (एलटीटीई) म्होरक्या प्रभाकरनचं नाव निघालं तर तारीख बघा: मे २००९. तोवर श्रीलंकेच्या लष्करानं जवळजवळ सगळा मुलूख घेतला होता. तिथं नेता शेवटी पडला, आधी फौज हरली होती.

खानापूरचा वाचक: आभारी आहे. ७ मिनिटांत एवढं बसेल?

शहापूरकर: सगळं नको. अफझलखान दीड मिनिट, कित्तूर अडीच, गुझमान आणि हिजबुल्ला मिळून दोन, उरलेलं एक खंडनाला. संभाजी महाराज आणि प्रभाकरन प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवा. प्रत्येक उदाहरणात दोनच गोष्टी सांगा: मागं दुसरा माणूस तयार होता का, आणि घाव घालताच फौज पुढं सरकली का. तारखा कार्डावर लिहून न्या. परीक्षक तिथंच अडवतात.