अमेरिका-जर्मनीची घड्याळं बदलली की आमच्या घरात गोंधळ, तुम्ही काय करता?

विश्रामबागकर:
नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत, दादा न्यू जर्सीत, ताई म्युनिकला. दर रविवारी सगळ्यांचा एकत्र व्हिडिओ कॉल असतो, दादाच्या सकाळी साडेआठला, म्हणजे ताईचे दुपारचे अडीच आणि आपल्याकडं थंडीत संध्याकाळचे सात नि उन्हाळ्यात सहा. इथवर ठीक. पण मार्चमध्ये अमेरिका घड्याळ आधी पुढं करते आणि युरोप नंतर, त्या मधल्या आठवड्यांत ताई तिच्या अडीचला येते तोवर दादा बोलून गेलेला असतो, मग ती आईवर चिडते की मला सोडून कॉल केलात, आणि आईला वाटतं या दोघांचंच काहीतरी बिनसलंय.

त्यात आमचे आप्पा. मागच्या नोव्हेंबरात दादा सहज म्हणाला, आप्पा आम्ही घड्याळ एक तास मागं केलंय, आता कॉल सहाऐवजी सातला येईल. आप्पांनी स्टुलावर चढून आमचंच हॉलमधलं घड्याळ एक तास मागं करून टाकलं, म्हणजे कॉल सहालाच येणार! कुणाला बोलले पण नाहीत. सोमवारी आई त्या घड्याळाकडं बघत निवांत डबा करत बसली आणि पोराची रिक्षा खाली हॉर्न मारून मारून निघून गेली. वर आप्पाच आमच्यावर, "तिकडं सरकारनं बदललंय, मी काय माझ्या मनानं केलं व्हय?"

तर कॉल नक्की कुणाच्या वेळेवर धरायचा? ज्यांची पोरं दोन-दोन देशांत आहेत त्यांनी सांगा.

तासगावचा_जर्मन:
मी स्टुटगार्टला असतो, हे दरवर्षीचंच आहे. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढं जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं येतं. युरोपचं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे २०२६ मध्ये अमेरिका ८ मार्चला आणि आम्ही २९ मार्चला, मधले तीन आठवडे तुमच्या दादा-ताईत सहाऐवजी पाचच तासांचा फरक. परत २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर तोच घोळ, पण एकच आठवडा.

या सगळ्यात न हलणारी वेळ एकच, आपली. म्हणून कॉल भारतीय वेळेवर बांधा. संध्याकाळी साडेसहा धरले तर दादाला उन्हाळ्यात नऊ नि थंडीत आठ, ताईला तीन नि दोन. कॅलेंडरमध्ये दर रविवारचा इव्हेंट टाकताना टाइमझोन कोलकाता निवडा, म्हणजे त्यांच्या फोनवर वेळ आपोआप सरकते आणि तुम्हाला डोकं लावावं लागत नाही. युरोपियन संसदेनं २०१९ मध्ये हे बंद करायच्या बाजूनं मत दिलं होतं, पण अजून आम्ही वर्षातून दोनदा ओव्हनचं घड्याळ बदलतोयच.

कराडची_सूनबाई:
मला नाही पटत. तिकडं पोरांचे रविवारचे क्लास असतात, वाणसामान असतं, आठवड्याचं कपडे धुणं असतं, ते सगळं तिथल्या घड्याळावर चालतं. आप्पा रिटायर माणूस, त्यांना सहा काय नि सात काय! थंडीत सुटीच्या दिवशी आठला उठून सासू-सासऱ्यांसमोर बसायचं म्हणजे वहिनीच्या जिवावर येणार, ते आधी तिला विचारा. माझी बहीण फिनिक्सला आहे, अॅरिझोनात बहुतेक ठिकाणी घड्याळ बदलतच नाहीत, बारा महिने आपल्यात साडेबारा तासांचाच फरक, आमच्यात कधी भांडण नाही. (या कारणावरून तरी.)

नाइटशिफ्ट_मिरज:
आम्ही यूएस शिफ्टवाले. नोव्हेंबर आला की शिफ्ट एक तास उशिरा, कॅब एक तास उशिरा, आणि घरचे विचारतात आज सुट्टी का. एकच सांगतो, भिंतीवर 'अमेरिकेचं' म्हणून दुसरं घड्याळ लावू नका, ते पण वर्षातून दोनदा कुणालातरी स्टुलावर चढून बदलावं लागेल आणि तुमच्याकडं तो कोण असेल हे आता कळलंच आहे. आप्पांच्या मोबाइलवर न्यू जर्सीसाठी न्यूयॉर्क आणि ताईसाठी बर्लिन, असं दोन शहरांचं घड्याळ स्क्रीनवर ठेवा, ते स्वतःच बदलतं.

जुना_सातारकर:
आप्पांना इतकं हसू नका. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडं पण घड्याळ एक तास पुढं केलेलं, १९४२ पासून १९४५ पर्यंत. आमचे आजोबा सांगायचे, लोक एकमेकांना नवा टाइम का जुना टाइम विचारून मग बोलायचे. आणि हे खूळ देशपातळीवर पहिल्यांदा जर्मनीनं सुरू केलं, १९१६ साली, युद्धात कोळसा वाचवायला. तिकडं त्याला काही अर्थ तरी आहे, म्युनिकला जूनमध्ये रात्री नऊनंतर सूर्य मावळतो आणि डिसेंबरात साडेचारच्या आत. आपल्या सातारा-सांगलीला उन्हाळा-हिवाळ्याच्या दिवसात दोनेक तासांचाच फरक, एक तास सरकवून काय मिळणार?

विश्रामबागकर:
सगळ्यांना थँक्यू. साडेसहाचा इव्हेंट टाकला, ताईनं लगेच यस केलं. दादाचं "हिला विचारून सांगतो" असं उत्तर आलंय, म्हणजे सूनबाई तुमचं बरोबर होतं. थंडीत पावणेसात करायची तयारी ठेवलीय, त्याहून पुढं नाही, कारण सातला आईची दिवाबत्ती आणि मग कुकर.

सातारकर काका, तुमची पोस्ट आप्पांना वाचून दाखवली आणि पस्तावलो. आता ते म्हणतात, "बघ, आपल्याकडं पण करत होते!" मोबाइलवरची ती दोन घड्याळं त्यांना आवडली, फक्त आईला झोपेतनं उठवून सांगतात की न्यू जर्सीत आत्ता जेवायची वेळ झाली म्हणून.