घराभोवतीचे बिनविषारी साप: तुमचे अनुभव सांगा

आमचं घर राजापूर तालुक्यात, जांभ्या दगडाचं, मागे गोठा आणि त्याला लागून लाकडांची खोप. लग्न होऊन आले तेव्हा मी ठाण्याची मुलगी, साप फक्त टीव्हीवर बघितलेला. पहिल्याच पावसाळ्यात गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटीतून एक भलंमोठं जनावर निघालं, माझ्यापेक्षा लांब असावं असंच वाटलं तेव्हा, आणि मी किंचाळून पडवीत आले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "धामीण आहे ती. तिच्या वाटेत उभी राहू नकोस, जाईल." आणि गेली. त्याला आता १४ वर्षं झाली. तीच धामण आहे की तिची पिल्लं हे मला कळत नाही, पण गडग्यात धामण आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं, कात सापडली की धाकटी मुलगी मोजपट्टी घेऊन धावते. मागच्या वर्षीची कात साडेसहा फूट भरली, अर्थात कात ताणली जाते, त्यामुळे साप त्यापेक्षा थोडा लहानच असणार.

तुमच्याकडे कोण असतं? धामण, दिवड, कवड्या, नानेटी, तस्कर, कोणीही. कसं जमवून घेतलंत, कुठे चुकलात, तेही लिहा.

----

आमची विहीर वाई तालुक्यात, आजोबांनी खणलेली. तिच्यात दिवड नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही, आमच्याकडे विरोळा पण म्हणतात. आम्ही पोरं तिथंच पोहायला शिकलो, ती कपारीत डोकं काढून बसलेली असायची आणि आम्ही उडी मारली की गप आत. बेडूक आणि मासे खाते, आपल्याशी काही देणंघेणं नाही. पण एक सांगतो, दिवड बिनविषारी असली तरी गरीब नाही. दोन वर्षांमागं गाळ काढताना माझा हात तिच्यावर पडला तर कडकडून चावली, मनगटावर बारीक दातांच्या ओळी आणि रक्त थांबेना. मला शंभर टक्के माहीत होतं दिवडच आहे, तरी वडील म्हणाले माहीत असलं तरी दवाखाना. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं तसंच ठेवलं, गोठतंय का बघायला (विषारी घोणस चावली असेल तर ते गोठत नाही), ते गोठलं, तरी रात्रभर ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी सोडलं. सापावरचं इंजेक्शन दिलंच नाही, कारण गरज नव्हती. हे मुद्दाम लिहितोय. वडिलांचं ऐकलं ते बरं केलं असं अजून वाटतं.

----

आमच्या मोरीत पावसाळ्यात वाळा येतो. गांडुळासारखा दिसतो, पण गांडुळाला वळ्या असतात आणि हा गुळगुळीत चकचकीत. मुंग्या-वाळवीची अंडी खातो. कुंडीतल्या मातीतपण सापडतो. मी सुपलीत घेऊन परसात सोडते, बास.

----

भंडारा जिल्हा. मला इथं थोडं वेगळं सांगायचं आहे, ताई, राग मानू नका.

आमचं कौलारू घर, भिंतीवर पाली भरपूर, म्हणून कवड्या नेहमीचा. पाली खायलाच येतो तो. सुरुवातीला आम्ही घाबरायचो, मग गावातल्या सर्पमित्रांनी ओळखायला शिकवलं आणि आमची भीती गेली, आणि ती जरा जास्तच गेली. एका रात्री माझ्या नणंदेच्या अंथरुणाजवळ काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप दिसला, मी म्हटलं कवड्या आहे गं, झाडूनं सरकव. तिनं ऐकलं नाही, सर्पमित्रांना फोन केला. ते आले, टॉर्च मारला आणि म्हणाले सगळे मागं व्हा, मण्यार आहे. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढं ठळक आणि शेपटीकडं पुसट होत जातात, अंग बहुतेक तपकिरी. मण्यार निळसर काळी चकचकीत, पट्टे बारीक आणि बहुतेक जोडीजोडीनं, डोक्याजवळ नसल्यासारखे आणि शेपटीकडं ठळक. हे मला तोंडपाठ होतं हो. पण रात्री, चिमणीएवढ्या उजेडात, झोपेत, काही दिसत नाही. मण्यार चावली तर दुखतही नाही फारसं, माणूस झोपून राहतो आणि पहाटे पोट दुखायला लागतं, पापण्या जड होतात, श्वास जातो.

तेव्हापासून आमच्या घरात खाली कोणी झोपत नाही. खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. कवड्या अजून येतो, त्याला मारत नाही. पण हातही लावत नाही आणि कोणता साप आहे तेही आम्ही ठरवत नाही, जे काही असेल त्याला सर्पमित्रच बघतात.

----

भंडाऱ्याच्या ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला, पण लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

मी दोडामार्गचा. आमच्या जास्वंदीवर हरणटोळ असतो, पोपटी, वेलीसारखा, वारा आला की फांदीबरोबर डोलतो. लहानपणी आजी सांगायची तो टाळू फोडतो, डोळ्यावर झेप घेतो, म्हणून आम्ही डोक्यावर हात धरून झाडाखालून पळायचो. त्याला सरडे आणि बेडूक हवे असतात. तोंड टोकदार आहे आणि बाहुली आडवी, बघताना तो तुमच्याकडेच रोखून बघतोय असं वाटतं, त्यातून ही गोष्ट आली असावी असं मला वाटतं. अगदी बिनविषारी नाही बरं का, निमविषारी, विषाचे दात मागे असतात. माणसाला सहसा सूज आणि दुखणं एवढंच. माझा मुलगा रोज शाळेत जाताना तो कुठल्या फांदीवर आहे ते शोधून जातो, दिसला नाही तर संध्याकाळी परत शोधतो.

----

काकांनी आमच्या शेतघराजवळची धामण मारली होती, मी नववीत होते. गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते म्हणून. ती गोठ्यात यायची हे खरं, कारण पेंढ्यात उंदीर होते. मारल्यावर तिला बांधावर टाकलं होतं, पोट फुगलेलं, आतून उंदीर निघाला. त्या हिवाळ्यात कणगीतलं भात उंदरांनी फार नासवलं. तिला मारलं म्हणूनच झालं असं मी छातीठोक नाही सांगणार, पण आईनं काकांना ते वर्षभर ऐकवलं. मला अजून ती बांधावर पडलेली दिसते.

----

सगळ्यांचं वाचलं. दुधाची गोष्ट आमच्याकडेही आहे. सापाला चोखता येतच नाही, ओठ-गाल नाहीत आणि दात मागे वळलेले, गाय तरी उभी राहील का? सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी कधी म्हटलं पिते म्हणून? शेजारी म्हणतात." नागपंचमीला त्या काही चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, शेतात खणू देत नाहीत.

आणि गेल्या वर्षी मृगाच्या आधी दोन धामणी गोठ्यामागे एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिल्या होत्या, आख्खी वाडी जमली, कोणी म्हणे जोडी आहे, कपडा टाका. ते दोन नर असतात, झुंज चाललेली असते, एकमेकांचं डोकं जमिनीवर दाबायला बघतात. आम्ही कपडा टाकू दिला नाही. पाऊण तास बघत बसलो, चहासुद्धा तिथेच आला.

भंडाऱ्याच्या ताईंचं वाचून मात्र काल रात्रीच ह्यांना सांगून लाकडांची खोप घरापासून लांब करायला घेतली. आमच्याकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, विषारी फुरसं असतंच, आणि अंधारात लाकूड ओढायला मी नेहमी हात घालायची. धामण गडग्यातच राहील, ती जागा तिचीच आहे.