न्यूरोसर्जन नसला तरी बरंच काही करता येतं

कुणीतरी लिहिलंय की जिल्हा रुग्णालयात न्यूरोसर्जन (मेंदूची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर) नसतो म्हणून डोक्याला मार लागलेला पेशंट तिथे न थांबवता थेट पुण्या-मुंबईला न्यावा. हे मला अजिबात पटत नाही. अपघातात मेंदूला जो मार बसायचा तो बसून गेलेला असतो, पण पुढच्या काही तासांत ऑक्सिजन कमी पडला किंवा बीपी खाली गेलं तर नुकसान कितीतरी वाढतं, आणि ह्या दोन्ही गोष्टी सांभाळायला न्यूरोसर्जन लागत नाही, श्वासनलिकेत नळी टाकता येणारा डॉक्टर आणि जागरूक नर्स लागते. ग्लासगो कोमा स्केल (जीसीएस, म्हणजे पेशंट किती शुद्धीत आहे ते मोजायचे गुण; कमी गुण म्हणजे शुद्ध कमी) ८ किंवा त्याखाली असेल तर नळी टाकूनच पुढे पाठवायला हवं, नाहीतर पेशंट अॅम्ब्युलन्समध्येच गुदमरू शकतो!

ट्रानेक्झॅमिक अॅसिड हे रक्तस्राव कमी करणारं स्वस्त औषध आहे, २०१९ च्या क्रॅश-३ नावाच्या अभ्यासात डोक्याच्या सौम्य आणि मध्यम दुखापतीत पहिल्या ३ तासांत दिलं तर मृत्यू कमी झालेले दिसले. उलट डोक्याला मार लागलेल्यांना स्टेरॉइड दिलं तर मृत्यू वाढतात हे २००४ लाच कळलंय, तरी अजून कुठेकुठे देतात, राग येतो.

आणि प्लीज, पाठवायच्या आधी पुढच्या हॉस्पिटलला फोन करून बेड आहे का, सीटी स्कॅन चालू आहे का विचारा, जीसीएस किती, डोळ्यांच्या बाहुल्या कशा, कुठलं औषध किती वाजता दिलं हे चिठ्ठीवर लिहा. कोऱ्या चिठ्ठीवर आलेल्या पेशंटचं सगळं पहिल्यापासून करावं लागतं, त्यात वेळ जातो.