'एरर बार'ला मराठीत काय म्हणावं?

मालवणहून: घड्याळांच्या स्थिरतेवर मराठीत लिहितोय. आलेखात प्रत्येक ठिपक्यावर उभी काडी असते, तो एरर बार. मी 'त्रुटिदंड' लिहिलं, तर मुलीने विचारलं, "दंड कोणाला झाला?" दुसरा शब्द सुचवा.

गुहागरहून: दंड चालवून घेईन, 'त्रुटी' नको. आमच्या पडवीतलं लंबकाचं घड्याळ रोज दोन मिनिटं मागे पडतं, ती त्रुटी. पण रोज नेमकी दोनच पडत असतील तर घड्याळ स्थिर. डेव्हिड ॲलन यांनी १९६६ साली मांडलेल्या मापात, म्हणजे ॲलन विचलनात, ती दोन मिनिटं दिसतच नाहीत, कारण तिथे लागोपाठच्या सरासऱ्यांमधला फरक धरतात. आज दोन, उद्या सव्वादोन, परवा पावणेदोन, हे डळमळणं तेवढं दिसतं. आणि तुमची काडी घड्याळाबद्दल नाहीच. हे डळमळणं आपण किती भरवशाने सांगतोय, एवढंच ती सांगते. 'अनिश्चितता-रेषा' म्हणा.

मालवणहून: जीभ अडखळते हो. आमचे काका रापणीला जाताना म्हणायचे, सुकती साडेदहाला, पाव तास मागेपुढे. 'मागेपुढे'च का नको?

गुहागरहून: शब्द झकास, पण इथे फसवेल. मागेपुढे म्हटलं की दोन्हीकडे सारखंच वाटतं. ही काडी वर लांब, खाली आखूड असते, आणि नोंदी कमी तितकी जास्तच. घड्याळ रोज किती मागे पडलं ते दहा दिवस लिहून ठेवा. एकेका दिवसाचे आकडे दहा, लागोपाठचे फरक नऊ. पाच-पाच दिवसांची सरासरी काढलीत तर आकडे दोन आणि फरक एकच! त्या एका फरकावरून ६८ टक्के खात्रीने काय सांगता येतं? खरं विचलन मिळालेल्या आकड्याच्या ०.७ पट ते ५ पट यांच्या दरम्यान कुठेतरी. म्हणून उजव्या टोकाला, जिथे सरासरीचा काळ सर्वांत मोठा असतो, आलेख खाली घसरला तरी 'दीर्घकाळात घड्याळ सुधारतं' असं लिहू नका. तिथे ठिपका नशिबानेही खाली येतो. मी स्वतः एकदा असंच लिहून बसलो होतो.

'अदमास-पट्टा' कसा वाटतो? अदमास कोणी दोन्हीकडे मोजून सारखा करत नाही.

मालवणहून: घेतला. आता त्या ६८ टक्के खात्रीला, म्हणजे 'कॉन्फिडन्स लेव्हल'ला मी 'विश्वास-पातळी' लिहिलंय, त्यावर हसून घ्या आधी.