जुने मराठी लेख गूगलवर का सापडत नाहीत?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर २००४ पासूनचे लेख आहेत, परंतु त्यांतील वाक्ये जशीच्या तशी शोधली तरी गूगल ती दाखवत नाही. कीवर्ड मेटा टॅगमध्ये (पानाच्या स्रोतातील, वाचकाला न दिसणाऱ्या शोधशब्दांच्या नोंदीत) भरपूर शब्द भरूनही फरक पडला नाही. काय करावे?

प्रतिसाद १ : त्या टॅगचा नाद सोडावा, क्रमवारीसाठी आपण तो वापरत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले आहे. खरी मेख बहुधा फॉन्टमध्ये असावी. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतःचे संकेतांक देणारी प्रमाण पद्धत. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये देवनागरी केवळ डोळ्यांना दिसते. फाइलमध्ये साठवलेले असतात ते रोमन अक्षरांचे नि चिन्हांचे संकेतांक, आणि शोधयंत्र तेच वाचते. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. मात्र रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी यांत परिवर्तकाकडून चुका होतात, म्हणून मुद्रितशोधन (कंटाळवाणे असले तरी) टाळू नये.

प्रश्नकर्ता : आपले निदान अचूक निघाले, पानाचा स्रोत उघडला तर रोमन अक्षरांची खिचडीच दिसली. रूपांतर करताना पानांचे पत्ते बदलले तर चालेल का?

प्रतिसाद २ : शक्यतो बदलू नयेत. बदलावेच लागले, तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच लेखाच्या नव्या पत्त्याकडे ३०१ पुनर्निर्देशन (पत्ता कायमचा बदलल्याचे सांगून आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सूचना) द्यावे. सगळे पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवू नयेत. नंतर सर्च कन्सोलमध्ये (संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या साधनात) साइटमॅप, म्हणजे संकेतस्थळावरील पानांच्या पत्त्यांची यादी, सादर करावा. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते मावतात, तेव्हा वाचनालयाला एकच पुरेल.