विषय: परदेशातल्या सुट्टीचा वरखर्च किती धरायचा?

नमस्कार मंडळी,

एक प्रश्न आहे, ज्यांनी असे प्रवास केलेत त्यांनी प्लीज सांगा. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूसासरे असे सहा जण दहा दिवस परदेशात फिरायला चाललोय. विमान आणि हॉटेलचे पैसे भरून झालेत. प्रश्न आहे तो तिथे गेल्यावर रोज हातातून जो पैसा जातो त्याचा. सासूबाई म्हणतात सगळी कॅश घेऊन चला, कार्डाचा काय भरवसा. ह्यांचं म्हणणं एक नोट न्यायची नाही, सगळं कार्डावर. आणि मला तर आकडा किती धरायचा हेच कळत नाहीये. मागच्या सुट्टीत सहाव्या दिवशीच पैसे संपत आले आणि उरलेले चार दिवस मुलांना प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत फिरलो, ते परत नकोय.

---

ताई, नमस्कार.

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, आमचंही एकदा अगदी असंच झालं होतं. पैसे तसे पुरेसे होते, पण एकगठ्ठा होते, आणि एकगठ्ठा रक्कम जवळ असली की पहिले तीन दिवस हात सैल सुटतो, माणूस म्हणतो आहेत की अजून.

आकडा काढायला एक करा. तिथला एक साधा दिवस कागदावर जगून बघा. सकाळी हॉटेलातून निघालात, बसचा किंवा मेट्रोचा दिवसाचा पास सहा जणांचा किती, दुपारचं जेवण कुठे, त्या भागातल्या दोनचार हॉटेलांचे मेनू नेटवर असतात ते उघडून सहा जणांचं बिल खरंच मांडा, मग पाणी, कॉफी, मुलांचं आइस्क्रीम, रात्रीचं जेवण. म्युझियमची तिकिटं मात्र यात धरू नका, ती आधीच वेगळी काढा (ज्येष्ठांना आणि मुलांना बऱ्याच ठिकाणी सवलत असते, वय दाखवायला ओळखपत्र जवळ ठेवा). विमानतळावरून हॉटेलपर्यंतची टॅक्सी वेगळी. युरोपातल्या बऱ्याच शहरांत दर माणशी दर रात्री सिटी टॅक्स असतो, तो बऱ्याचदा हॉटेलातच वेगळा भरावा लागतो, सहा जणांचे दहा दिवस म्हणजे रक्कम होते. अमेरिकेत जात असाल तर दुकानात लावलेल्या किमतीत सेल्स टॅक्स नसतो, तो बहुतेक राज्यांत बिलावर चढतो आणि जेवणावर टिप वेगळी.

एकूण पैशांतून ही तिकिटं, टॅक्सी, टॅक्स बाजूला काढून जे उरेल तो खरा वरखर्च. त्याचे बारा भाग करा, एक भाग निदान कागदावरच्या त्या दिवसाएवढा यायला हवा. दहा दिवसांचे दहा, एक राखीव, त्याला औषध-डॉक्टर किंवा चुकलेली गाडी याशिवाय हात लावायचा नाही, आणि एक भेटवस्तूंचा. भेटवस्तूंचा भाग वेगळा नसेल तर तो शेवटच्या तीन दिवसांच्या जेवणातून जातो, हे मी अनुभवाने सांगतो.

आणि रोजचा आकडा तिथल्याच चलनात पाठ करा. प्रत्येक वेळी मनातल्या मनात आपल्या पैशात किती झाले हे काढत बसलं की दोन दिवसांत कंटाळा येतो आणि मग काहीच मोजलं जात नाही. आम्ही रात्री खोलीत आलो की सगळ्यांचे खिसे पलंगावर रिकामे करायचो, चुरगळलेल्या पावत्या सरळ करून मुलगी वहीत लिहायची, पाच मिनिटं लागायची. उरलं तर उद्याच्या दिवसात मिळवायचं, जास्त गेलं तर उद्या वजा. तिसऱ्या दिवसापासून पोरं स्वतःच विचारायला लागली, बाबा आज किती उरलेत? त्यांना त्यांचा छोटा वाटा त्यांच्याच हातात दिलात तर तुम्हाला नाही म्हणावंच लागणार नाही, तेच ठरवतील.

---

अगं, काकांनी दिवसांचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, मी फक्त कार्डाचं जोडते कारण मी तिथे पैसे घालवलेत. दुकानात मशीन पुढे केलं, स्क्रीनवर दोन रकमा, एक तिथल्या चलनात आणि एक आपल्या, मागे रांग होती, मी ओळखीची रक्कम बघून हिरवं बटण दाबलं. घरी येऊन स्टेटमेंट बघितलं तर दर चांगलाच वाईट लावलेला. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, मशीनवाला स्वतःच्या मनाचा दर लावतो. नेहमी तिथल्याच चलनात दे, एटीएमवरही असंच विचारतात, तिथेही नको म्हण. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचेही रोजचे दर त्यांच्या साइटवर दिसतात, वर तुझी बँक किती टक्के घेते ते निघायच्या आधी विचारून ठेव.

एटीएममधून डेबिट कार्डानेच काढ. क्रेडिट कार्डाने कॅश काढली की साधारणपणे त्याच दिवसापासून व्याज लागतं. आणि दर वेळची फी ठरलेली असेल तर दहा वेळा थोडे थोडे काढण्यापेक्षा दोनतीनदा जास्त काढलेले परवडतात. ‘कमिशन नाही’ लिहिलेल्या काउंटरला भुलू नकोस, बोर्डावर घ्यायचा दर आणि द्यायचा दर यातलं अंतर बघ, त्यांचं कमिशन तिथेच असतं.

---

दोघांचेही खूप आभार, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचा एकच प्रश्न, सगळी कॅश नेली तर कोणी अडवतं का? आणि हॉटेलवाले डिपॉझिट म्हणून कार्ड मागतात ते काय असतं?

---

ताई, भारतातून निघताना माणशी परकीय चलनाच्या किती नोटा नेता येतात त्याला मर्यादा असते, ती बँकेत विचारून घ्या. तिथे उतरताना मात्र कॅश आणायला बंदी नसते, ठराविक रकमेच्या वर असेल तर जाहीर करावी लागते. युरोपियन युनियनमधे शिरताना किंवा तिथून निघताना 10,000 युरो किंवा जास्त, अमेरिकेत 10,000 डॉलरपेक्षा जास्त, आणि अमेरिकेत कुटुंब एकत्र असेल तर सगळ्यांचे मिळून धरतात, वाटून घेऊन चालत नाही. पण चोरी झाली तर कॅश गेलीच. म्हणून सासूबाईंना सांगा, पहिल्या दोन दिवसांची कॅश त्यांच्याकडे, तीही लहान नोटांत, मोठी नोट छोट्या दुकानात घेत नाहीत. बाकी दोन वेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या पिशव्यांत.

हॉटेलवाले डिपॉझिटची रक्कम कार्डावर रोखून धरतात, सुटायला काही दिवस लागू शकतात. डेबिट कार्ड दिलंत तर तेवढे तुमचेच पैसे अडकतात आणि बारा भागांचं गणित पहिल्याच दिवशी मोडतं, तिथे क्रेडिट कार्डच द्या. आणि घरचा फोन नंबर रोमिंगवर चालू ठेवा, ओटीपी त्यावर येतो.

शेवटच्या दिवशी नाणी उरतात, ती बदलून मिळत नाहीत सहसा. हॉटेलच्या शेवटच्या बिलात आधी सगळी चिल्लर मोजून द्या आणि उरलेलं कार्डावर.